ओझरचे काका आणि मिगचं नाक

पोस्ट लांबली आहे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला वायुसेनेने मिग-२१ ला निरोप दिला. आम्ही बालाघाटला घरी टीव्हीवर तो कार्यक्रम पाहिला. संध्याकाळी नात्यातल्याच एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "गेल्या एकदाच्या त्या उडत्या शवपेट्या!" खाली सतरा अंगठे. मी उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. आमच्या घरातल्या एका माणसाने आयुष्याची छत्तीस वर्षं त्या 'शवपेट्या' बनवणाऱ्या कारखान्यात घातली आहेत. दोन ओळींत उत्तर देता येण्यासारखं ते प्रकरणच नाही. म्हणून इथे लिहिते.

आमच्यासारखी घरं तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असतील. घरात मराठी, बाजारात हिंदी. आजोबांच्या काळी बालाघाट मध्यप्रांत-वऱ्हाडात होतं, राजधानी नागपूर. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, गोंदिया-भंडारा तिकडे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरचं गोंदिया 'दुसऱ्या राज्यात' गेलं, पण छोट्या लाईनीची गाडी तीच, लग्नं तिथेच, कापडही तिथूनच.

बालाघाट म्हणजे मँगनीज. भरवेलीच्या खाणीचा भोंगा हेच आमचं घड्याळ. बाबा खाणीच्या कचेरीत होते. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे काका, हाताने फार कुशल. आयटीआय करून ते फिटर झाले. ते खाणीतच चिकटतील असं सगळ्यांनी धरलं होतं. पण १९६७ मध्ये ते नाशिकजवळच्या ओझरला निघून गेले. आजी म्हणाली, "एवढ्या दूर कायले जाते? इथं लोखंड नाही का ठोकाले?" काका म्हणाले, "तिथं लोखंड नाही ठोकत बाई, विमान बनवते." आजीला ती थट्टाच वाटली.

ओझरचा कारखाना तेव्हा नवा होता. १९६२ मध्ये भारताने सोव्हिएत संघाशी मिग-२१ चा करार केला. नुसती विमानं घ्यायची नाहीत, इथे बनवायचीही, असं ठरलं. सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक सामान हैदराबादला. त्या सुमारास यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते आणि नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. कारखाना नाशिकला आला तो त्यांच्यामुळे, असं ओझरचे जुने लोक आजही सांगतात. सुरुवातीला रशियातून सुटे भाग यायचे आणि इथे जोडले जायचे. कच्च्या मालापासून इथे घडवलेलं पहिलं मिग १९७० मध्ये बाहेर पडलं. पुढे मिळून सहाशेहून जास्त झाली. काका पंखांच्या विभागात होते.

उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही ओझरला जायचो. बालाघाट ते गोंदिया छोटी गाडी, तिथून मुंबईकडची मोठी, नाशिक रोडला उतरायचं. काकूंच्या हातचे मांडे, द्राक्षांचे मळे आणि डोक्यावरून कान फाडत जाणारी विमानं. काका कारखान्यातलं काही सांगत नसत. पण एक सवय होती त्यांची. घरात पत्र्याचा डबा असो, बादली असो, कपाटाचं दार असो, रिबिटावरून अंगठ्याचं टोक फिरवून बघायचे. रिबिट वर आलेलं लागलं की चेहरा आंबट. आवाजाहून वेगाने जायचं तर पंखाची कातडी आरशासारखी लागते, एवढं एकच गुपित त्यांनी फोडलं होतं.

आणि एक. मी नववीत असताना त्यांना विचारलं, विमान कशाचं असतं? म्हणाले, अॅल्युमिनियमचं, पण नुसतं नाही. त्यात शेकडा चारेक तांबं, थोडं मॅग्नेशियम, आणि चिमूटभर मँगनीज. "आपल्या भरवेलीचं का?" मी विचारलं. हसले आणि म्हणाले, "कुठलं का असेना, मँगनीज हाय न." पुढे आमच्याच जिल्ह्यात मलाजखंडला तांब्याची मोठी खाण सुरू झाली तेव्हा त्यांनी बाबांना पत्रात लिहिलं होतं की आता बालाघाटात विमानाचा अर्धा मसाला तयार आहे.

आता मूळ गोष्टीवर येते. १९८७ च्या उन्हाळ्यात काकांच्या मुलाचं, माझ्या चुलतभावाचं, एनडीएत नाव लागलं. वायुसेना, फ्लाइंग. मी तेव्हा बालाघाटला शाळेत विज्ञान शिकवत होते, सुटीत ओझरलाच होते. काकूंनी पेढे वाटले. कॉलनीतले लोक येऊन गेले. काका मात्र दोन दिवस गप्प. कामावर जायचे, यायचे, जेवायचे, झोपायचे. काकूंना वाटलं पित्त झालं.

तिसऱ्या रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी भावाला आणि मला समोर बसवलं. हातात जुनं वर्तमानपत्र. त्याचं आपण शाळेत करतो तसं बाण-विमान केलं.

"हे काय?"

"विमान."

"हे डेल्टा पंखाचं विमान. पोट्ट्याहो, हेच मिग-२१. आता ऐका, हे असंच काऊन बनवलं ते."

त्या रात्री त्यांनी जे सांगितलं ते मी पुढे किती वर्षं वर्गात वापरलं! माझ्या भाषेत सांगते, चूक असेल तर ती माझी.

आपल्या वैनगंगेला पूर आला की पुलाच्या खांबापुढे पाणी कसं चढतं, पाहिलं असेल. पाण्याला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. हवेचं तसंच. विमान आवाजापेक्षा हळू असेल तर 'मी येतोय' ही वर्दी हवेला आधी पोचते, हवा सरकते. आवाजापेक्षा वेगाने गेलं की वर्दी पोचायच्या आत विमान हजर. मग हवा दाबली जाऊन तिची जणू भिंत तयार होते. ती भिंत रेटायची तर विमान बारीक, टोकदार, पंख पातळ पाहिजेत. मिग-२१ चा पंख इतका पातळ की जाडी रुंदीच्या शेकडा चार-पाच. टोकापासून टोकापर्यंत दोन्ही पंख मिळून जेमतेम सव्वासात मीटर. आमच्या बालाघाटच्या ओसरीत मावेल.

पण पातळ पंख वाकतो, मोडतो. आणि त्यात रॉकेल ठेवायला जागा नाही. (काका विमानाच्या तेलाला रॉकेलच म्हणायचे, आणि खरं तर ते रॉकेलच्याच घरचं.) यावर अमेरिकेने एक उत्तर काढलं, एफ-१०४ स्टारफायटर. पंख सरळ, आखूड आणि इतके धारदार की जमिनीवर उभं असताना कडांना टोप्या घालायच्या, नाहीतर मेकॅनिक कापायचा. तेल सगळं पोटात. वेग जबरदस्त, वळण मात्र मालगाडीचं. रशियनांनी १९५५-५६ च्या सुमारास एकाच धडावर दोन तऱ्हेचे पंख लावून बघितले, एक मागे झुकलेला आणि एक त्रिकोणी. त्रिकोणी जिंकला. कारण त्रिकोणी पंख धडाला लांबलचक मुळाशी जोडलेला असतो, त्यामुळे पातळ असूनही मजबूत. आत थोडं तेलही मावतं. शिवाय त्यांनी मागे शेपटीचे छोटे पंख ठेवले. फ्रेंचांच्या मिराजने ते काढून टाकले होते, त्यामुळे उतरताना त्याला पंखाच्या मागच्या कडा वर उचलाव्या लागतात, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी उचल कमी. मिगला शेपटी असल्याने खाली वळणारे फ्लॅप वापरता आले. "हे शहाणपणाचं काम," काका म्हणाले.

मग त्यांनी कागदाचं विमान हळू सोडलं. ते नाक वर करून डुगडुगत खाली आलं.

"पाहिलं? हळू गेलं की हा पंख उचलत नाही. उचलायला नाक वर करा लागते. नाक वर केलं की पायलटला समोरची पट्टी नीट दिसत नाही, आणि हवा मागे ओढते. इंजिन जरा कमी केलं की विमान दगड. म्हणून हे उतरते वेगात. ताशी पावणेतीनशेच्या आसपास जमिनीला टेकते. मागे पॅराशूट सोडते, तेव्हा थांबते."

आकाशात दुप्पट वेग मिळवायचा, त्याची किंमत जमिनीजवळ द्यायची. मिग-२१ चा सगळा हिशोब त्यांनी असा मांडला, आणि तो कागदावर रेघ ओढली त्या दिवशीच ठरलेला होता, हे दोनदा सांगितलं.

मग नाकाबद्दल. मिगच्या तोंडात तो शंकू दिसतो ना? तो शोभेचा नाही. इंजिनाला आवाजाहून वेगवान हवा पचत नाही, आधी तिला मंद करावी लागते. ते काम शंकू करतो, वेगाप्रमाणे पुढे-मागे सरकून. रडार बसवायला जागा त्याच शंकूच्या आत. शंकू लहान, म्हणून रडार लहान, म्हणून दूरचं दिसत नाही. मोठं रडार पाहिजे तर नाक मोठं, नाक मोठं तर हवेचा अडथळा. रशियनांनी नंतरच्या आवृत्तीत नाक थोडं फुगवलं, तरी रडार बेताचंच. त्यातून तहान. मागून जाळ काढणारं आफ्टरबर्नर लावलं की सहा हजार किलोच्या आसपास जोर मिळतो, पण तेल दुपटीहून जास्त जळतं. सुरुवातीची मिगं पाऊण तासाच्या पल्ल्याची. वर जा, शत्रूचं बॉम्बर गाठा, क्षेपणास्त्र सोडा, घरी या. त्यासाठीच ते बनवलेलं.

भाऊ मध्येच म्हणाला, "पण बाबा, १९७१ मध्ये तर..."

"तेच सांगतो न."

ओझरला बनलेल्या पहिल्या तऱ्हेत, टाईप ७७ म्हणत तिला, तोफच नव्हती. तेव्हा जगभर समजूत होती की आता क्षेपणास्त्रं आली, तोफेचं काय काम? १९६५ च्या लढाईत आपल्याकडे मूठभर मिगं होती. नंतर धडाखाली तोफेची पेटी टांगली. पण ती टांगायची कुठे? पोटाखाली, जिथे तेलाची जादा टाकी लावतात तिथे. म्हणजे तोफ न्या किंवा तेल न्या! यातही तडजोड. तरी १२ डिसेंबर १९७१ ला कच्छच्या आखातावर अशाच एका मिगने पाकिस्तानचं एफ-१०४ पाडलं, तोफेने. दोन्ही विमानं एकाच काळातली, आवाजाच्या दुप्पट जाणारी, दोन वेगळ्या हिशोबांची. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटं टाकली तीही मिगनेच. काका त्या महिनाभर घरी फक्त झोपायला येत होते, असं काकू सांगतात.

मला वाटलं झालं. पण काका उठले आणि कपाटातून एक कात्रण आणलं. मारुतचा फोटो. हे विमान बंगलोरचं, ओझरचं नाही. पण काकांचा त्यावर फार जीव.

मंडळी, मारुतबद्दल आपल्या लोकांना फार कमी माहिती असते, म्हणून इथे जरा थांबते. बंगलोरच्या हिंदुस्थान कारखान्यात तेव्हा आपले विष्णु माधव घाटगे होते, कोल्हापूरकडचे. जर्मनीत ग्योटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेले. हवेचा प्रवाह पृष्ठभागाला चिकटून कसा वागतो याचं शास्त्र ज्यांनी उभं केलं ते हे प्रांटल. घाटग्यांनी एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१ मध्ये उडवून दाखवलं होतं, पंख्याचं, साधं आणि भरवशाचं. तिथून एकदम आवाजाच्या दुप्पट वेगाच्या लढाऊ विमानावर उडी घ्यायची म्हणून १९५६ मध्ये जर्मन अभियंता कुर्ट टँक यांना बोलावलं. दुसऱ्या महायुद्धातलं फोक-वुल्फ १९० यांचंच. आधी पूर्ण आकाराचं लाकडी ग्लायडर केलं, डाकोटाने ओढून वर नेलं, सोडलं. त्यावर अभ्यास करून १७ जून १९६१ ला मारुत उडालं. चालवत होते सुरंजन दास.

विमान देखणं. कंबर आत घेतलेली, पंख मागे झुकलेले, नाकात चार ३० मिलिमीटरच्या तोफा. पण ज्या इंजिनासाठी हे धड आखलं होतं, ते इंग्लंडमधलं आफ्टरबर्नरवालं ऑर्फियस, ते तयारच झालं नाही. इंग्लंडला त्याची गरज उरली नाही, पुढचा विकासखर्च तुम्ही द्या म्हणाले, आपण दिला नाही. मग इजिप्तचं इंजिन लावून बघायचा खटाटोप झाला, तोही बारगळला. शेवटी साधी, आफ्टरबर्नर नसलेली दोन ऑर्फियस बसवली. जी छोट्या नॅटमध्ये एकेक असायची तीच. आवाजाच्या दुप्पट जायला निघालेलं विमान आवाजाच्या उंबरठ्यावरच अडकलं. आफ्टरबर्नर जोडायचा प्रयत्न बंगलोरला चालू होता, आणि त्याच तऱ्हेच्या विमानात १० जानेवारी १९७० ला सुरंजन दास गेले.

तर काकांनी ते कात्रण भावाच्या हातात दिलं आणि म्हणाले, "याच्यात वेग नाही, लोक हसले याला. पण १९७१ मध्ये राजस्थानात यानं काम केलं. गोळी लागून एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्यावर पोट्टे घरी आले. एक नाही, जास्त वेळा. हवेतल्या झुंजीत एकही मारुत पडलं नाही. दोन इंजिनं म्हणजे वजन, म्हणजे तेल, म्हणजे वेग कमी. पण घरी येते." थोडं थांबून म्हणाले, "आम्ही बनवतो त्याला एकच इंजिन हाय. कारण हलकं पाहिजे, स्वस्त पाहिजे, वेगात पाहिजे. तेही बरोबरच हाय. पण तू काय चालवून राहिला ते तुले समजून चालव."

भाऊ म्हणाला, "बाबा, तुम्हाला मी जाऊ नये असं वाटतं का?"

काका म्हणाले, "मले वाटून काय होते? मी बनवतो न ते. दुसऱ्याच्या पोराले देतो, आपल्या पोराले नाही म्हणू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पालकाच्या जागी सही केली.

खडकवासला, मग हैदराबादजवळ दुंडिगल. तिथे किरण या आपल्या जेट शिकाऊ विमानावर शिक्षण. १९९२ मध्ये भाऊ आसामात तेजपूरला गेला. नव्या पायलटांना मिगची ओळख करून देणारं केंद्र तिथे होतं, आणि विमानं होती टाईप ७७. म्हणजे काकांच्या तरुणपणीची. बापाने पंचवीस वर्षांपूर्वी पंख जोडलेलं विमान लेक चालवत होता, हे ऐकायला छान वाटतं. घरात कोणी तसं बोलत नव्हतं. काकूंनी देवापुढचा दिवा रात्रभर ठेवायला सुरुवात केली.

किरण किती वेगाचं? ताशी सातशेच्या आतलं, उतरायला सोपं, चुका पोटात घालणारं. तिथून थेट मिग. मधली पायरी नव्हती. दोन आसनांचं मिग होतं, पण ते मिगच, आणि मागच्या सीटवरून पुढचं फारसं दिसत नाही. मधल्या पायरीचं जेट घ्या, असं ला फाँतेन समितीने १९८२ मध्येच सांगितलं होतं. ते हॉक विमान वायुसेनेत आलं २००८ मध्ये. सव्वीस वर्षं! या काळात वीस-बावीस वर्षांच्या किती मुलांनी सायकलवरून उतरून थेट बुलेटवर बसावं तसं केलं असेल, विचार करा. मला विचाराल तर 'शवपेटी' हा शब्द या सव्वीस वर्षांसाठी वापरावा.

दुसरं म्हणजे काम. उंचावर जाऊन बॉम्बर गाठण्यासाठी केलेलं विमान आपण जमिनीलगत हल्ल्याच्या सरावालाही वापरलं, कारण हाताशी तेच होतं. खाली हवा दाट, धक्के जास्त, विचार करायला वेळ कमी, आणि पक्षी. आपल्या विमानतळांच्या भोवती तेव्हा घारी-गिधाडं कमी होती का? एकच इंजिन आणि त्याचं तोंड नाकातच, सगळ्यात पुढे.

भावाचा एक मित्र होता, त्याच्याच बॅचचा. सुटीत एकदा ओझरला येऊन गेलेला, काकूंच्या हातचे मांडे खाऊन "काकू, हे तर आमच्या पंखापेक्षा पातळ" म्हणाला होता. तो एका सरावात गेला. खाली होता, पक्षी आला, इंजिन बंद पडलं, बाहेर उडी घेतली पण उंची पुरली नाही. फोन आला तेव्हा मी योगायोगाने ओझरलाच होते. काकांनी फोन घेतला, भावाचं बोलणं ऐकलं. विचारलं एकच, "पक्षी होता का?" मग बराच वेळ काही नाही. मग, "नंबर किती?"

भावाने नंबर सांगितला असावा. काकांनी फोन ठेवला आणि पडवीत जाऊन बसले. मी चहा नेला. विचारलं, "काका, तुमच्या वेळचं होतं?"

"नाही," म्हणाले. मग चहा निवेपर्यंत बसले. मग म्हणाले, "माझं असतं तर पंखानं काय केलं असतं, पोरी? पंख शेवटपर्यंत शाबूत होता म्हणते. पंख शाबूत, पोट्टा गेला."

तेव्हापासून वर्तमानपत्रात मिगची बातमी आली की ते आधी अपघाताचं कारण वाचायचे आणि मग पेपर घडी घालून ठेवायचे. एकदा एका लग्नात कोणीतरी त्यांच्या तोंडावरच म्हणालं, तुमच्या कारखान्यात काय माल बनतो हो, रोज पडतं. काकूंना वाटलं आता हे ताट सोडून उठणार. काका म्हणाले, "पश्चिम जर्मनीनं एफ-१०४ घेतली होती. ९१६ विमानं. २९२ गेली, ११६ पायलट गेले. जर्मनीचे कारागीर वाईट असते का?" आणि पुरणपोळी वाढून घेतली. समोरच्याला ते आकडे कुठले कळतात! पण मला कळलं की काका हे आकडे पाठ करून बसले होते. कधीतरी कोणीतरी विचारेल म्हणून.

याचा अर्थ सगळ्या अपघातांना आराखडाच जबाबदार, असं माझं म्हणणं नाही. जुनी झालेली विमानं, देखभाल, सुटे भाग, माणसाची चूक, पावसाळी हवा, सगळं असतं. इतकी वर्षं, इतक्या संख्येने एकच जातीचं विमान उडवलं की आकडा मोठाच दिसणार. पण बोट दाखवायला पत्रा सगळ्यात सोपा, कारण पत्रा उत्तर देत नाही.

भाऊ अकरा वर्षं मिगवर होता. नंतर मोठ्या, दोन इंजिनांच्या विमानांवर गेला. आता निवृत्त आहे, पुण्यात असतो, गाडी फार सावकाश चालवतो. काका २००३ मध्ये निवृत्त झाले. ओझरजवळच लहानसं घर बांधलं. ऐंशी वर्षांचे आहेत, ऐकायला जरा कमी येतं.

त्या २६ तारखेला कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना फोन केला. टीव्ही पाहिला का विचारलं. म्हणाले, दिवे गेले होते, शेवटचा भाग चुकला. आवाज नेहमीचाच. मी सांगितलं, चंदीगडलाच निरोप दिला, जिथे १९६३ मध्ये पहिली आली होती तिथेच. शेवटची होती ती बायसन, तुमच्याच ओझरला नव्याने सजवलेली. "हो, ते आमच्याच पोट्ट्यांचं काम," म्हणाले. मग मी त्या ग्रुपवरचं वाक्य त्यांना सांगावं का या विचारात होते, तेवढ्यात त्यांनीच विचारलं,

"उतरताना पाहिलं न तू?"

"हो काका."

"नाक वर होतं?"

"चांगलं वर होतं."

"आणि पॅराशूट?"

"उघडलं."

"मग बरोबर," म्हणाले. आणि काकूंना हाक मारून सांगितलं, सगळी नीट उतरली म्हणते.